नेम, बैठक आणि दैव

कर्माच्या यशात कर्त्याचा वाटा किती आणि त्याच्या हाताबाहेरच्या गोष्टींचा किती, हा धर्मचिंतनातला फार जुना प्रश्न आहे. धनुर्धर तर या चिंतनात सर्वत्र भेटतो. मुंडकोपनिषदात प्रणव हे धनुष्य, आत्मा हा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य आहे. ॲरिस्टॉटलने ‘निकोमॅकियन एथिक्स’च्या आरंभीच परमश्रेय ओळखणाऱ्या माणसाला लक्ष्य दिसत असलेल्या धनुर्धराची उपमा दिली. धनुर्विद्येत कर्म आणि फळ एका निश्चित क्षणी वेगळे होतात. बाण सुटेपर्यंत बरेच काही धनुर्धराच्या स्वाधीन असते, सुटल्यावर काहीच नसते. रायफलीने हे उदाहरण अधिक काटेकोर केले. गोळी लक्ष्यापासून किती ढळली हे मिलिमीटरमध्ये मोजता येते आणि ती का ढळली याची कारणे एकेक करून वेगळी काढता येतात. त्या कारणांतले सहसा नजरेआड राहणारे एक कारण म्हणजे रायफलीची दस्त्यातली बैठक. दस्त्यात ही बैठक घडवण्याच्या कामाला नेमबाज ‘बेडिंग’ म्हणतात. कर्ता आणि दैव यांच्यातली सीमा कुठे असते, या प्रश्नाचा विचार करायला हे काम फार उपयोगी आहे.

बैठक म्हणजे काय

बोल्ट-ॲक्शन रायफलीचे ढोबळ मानाने दोन भाग असतात. पहिला पोलादी: नळी आणि तिच्या मागचा रिसीव्हर, ज्यात बोल्ट पुढेमागे सरकतो. दुसरा दस्ता: पूर्वी बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा, आता फायबरग्लासचा, थर लावलेल्या लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचाही. रिसीव्हर दस्त्यात कोरलेल्या खोबणीत बसतो आणि खालून सामान्यतः दोन स्क्रूंनी आवळला जातो. रिसीव्हरच्या पुढच्या टोकाखाली एक जाड पोलादी खुंट असतो, त्याला ‘रिकॉइल लग’ म्हणतात. गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का याच खुंटाच्या पाठीमागच्या बाजूने दस्त्यात उतरतो आणि दस्त्यातून नेमबाजाच्या खांद्यात.

काडतूस पेटल्यावर मोठ्या रायफलीच्या नळीत सुमारे चार हजार वातावरणांपर्यंत दाब चढतो. गोळी साधारण एक ते दीड सहस्रांश सेकंदात नळीबाहेर पडते. एवढ्या वेळातही पोलादी नळी वाकते, थरथरते आणि रायफल मागे सरकू लागते. म्हणजे नेम धरताना नळीचे तोंड ज्या दिशेला होते, तंतोतंत त्या दिशेला ते गोळी बाहेर पडताना नसते. हे कंपन नाहीसे करणे अशक्य आहे. ते प्रत्येक वेळी एकसारखे मात्र करता येते, आणि एकसारखे असले की दुर्बिणीची किंवा माशीची जुळणी त्याला सामावून घेते. नेमबाजाचा खरा शत्रू कंपन नव्हे, कंपनातला बदल आहे.

बदलाची कारणे बहुतेक बैठकीत दडलेली असतात. रिसीव्हर खोबणीत केसभर सैल असेल तर प्रत्येक धक्क्यानंतर तो थोड्या वेगळ्या जागी जाऊन बसतो. लाकूड हवेतली आर्द्रता शोषून फुगते, उन्हात आकसते आणि त्याचा दाब नळीवर कधी एका बाजूने, कधी दुसऱ्या बाजूने येतो. स्क्रूखालचे तंतू दबत गेले की स्क्रूचा ताण उतरतो. आणखी एक दोष यापेक्षाही फसवा असतो. उंचसखल जमिनीवर ठेवलेला चौरंग हाताने दाबला की डगमगायचा थांबतो, पण त्याच्या पायांवर ताण येतोच. तसाच खोबणीत सर्वत्र न टेकणारा रिसीव्हर स्क्रू आवळल्यावर घट्ट बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो वाकलेला असतो आणि त्याच ताणाखाली काम करतो.

बाजारात मिळणारा तयार दस्ता एका नमुन्याच्या सगळ्या रायफलींसाठी बनवलेला असतो. त्या नमुन्यातली प्रत्येक रायफल त्यात मावावी म्हणून खोबणीत थोडी मोकळीक ठेवावीच लागते. त्यामुळे महागडा दस्ता विकत घेतल्याने नेम सुधारेलच असे नाही. तो दस्ता त्या एका रायफलीचा व्हावा लागतो.

बैठक घडवण्याची रीत

जुने कारागीर हे काम काजळीने करत. रिसीव्हरला काजळी लावून तो खोबणीत टेकवायचा, उचलायचा, जिथे काळा डाग उमटला तिथले लाकूड खरवडायचे, आणि पूर्ण पृष्ठभागावर डाग उमटेपर्यंत हेच करत राहायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत या कामासाठी कृत्रिम राळ, म्हणजे इपॉक्सी, रूढ झाली.

रीत थोडक्यात अशी. खोबणीच्या तळातले आणि लगच्या मागचे थोडे द्रव्य खरवडून राळेसाठी जागा केली जाते. स्क्रूंच्या भोवती ॲल्युमिनियमच्या नळकांड्या, म्हणजे ‘पिलर’, बसवल्या जातात, त्यामुळे आवळण्याचा दाब लाकडावर न पडता धातूवर पडतो. लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांवर चिकटपट्टी लावतात. नंतर ती काढली की तिथे बारीक फट राहते आणि लग फक्त मागच्या बाजूनेच टेकतो. नळीभोवती टेपचे वेढे देऊन ती दस्त्याच्या मधोमध राखली जाते. राळ शिरू नये अशी भोके मऊ मातीने बुजवतात आणि रिसीव्हरवर मेणाचा किंवा तशाच द्रव्याचा थर देतात, नाहीतर रायफल दस्त्यात कायमची चिकटते. मग राळ भरून रिसीव्हर वरून अलगद बसवला जातो. या टप्प्यावर स्क्रू जोराने आवळायचे नसतात. आवळले तर रिसीव्हर वाकतो, राळ त्या वाकलेल्या आकाराची होते आणि जो ताण घालवायचा होता तोच कायम होतो. राळ पूर्ण कडक झाल्यावर, साधारण एका दिवसाने, रिसीव्हर उचलतात, कडा साफ करतात आणि स्क्रूंची भोके थोडी मोठी करतात, म्हणजे स्क्रूचा दांडा कुठे घासत नाही.

शेवटी परीक्षा. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी रिसीव्हरपर्यंत विनाअडथळा सरकली पाहिजे. मापनयंत्राचा काटा नळीवर टेकवून एकेक स्क्रू सैल करताना काटा जवळजवळ हलता कामा नये. तो हलला तर रिसीव्हरमध्ये ताण उरला आहे असे समजायचे. नंतर स्क्रू दर वेळी सारख्याच ताणाने आवळता यावेत म्हणून ताण दाखवणारा पाना वापरतात.

या रीतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चांगली बैठक धातूला स्वतःच्या आकारात ओढत नाही. ती धातूचा, ताण नसतानाचा मूळ आकार स्वीकारते. आधार बळकट असावा आणि तरीही त्याने आधारलेल्याचे रूप बिघडवू नये, ही दुहेरी अट इथे हाताने पुरी करावी लागते.

स्थैर्य आणि सत्य

बैठक सुधारल्याने गोळ्या लक्ष्याच्या मध्यावर लागतीलच असे नाही. त्या एकमेकींच्या जवळ लागतात, एवढेच. कागदावरच्या अशा छिद्रांच्या समूहाला नेमबाज ‘ग्रुप’ म्हणतात आणि त्याची रुंदी कोनाच्या मिनिटांत मोजतात. एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे एका मिनिटापेक्षाही कमी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. गुडघे टेकून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत नेमबाज याच वर्तुळाचा वेध घेतो. त्या दर्जाच्या अनेक रायफलींचे दस्ते आता ॲल्युमिनियमचे असतात, पण रिसीव्हर ताणाशिवाय आणि प्रत्येक वेळी सारखा बसला पाहिजे ही गरज बदललेली नाही.

स्थैर्य आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्रुपवरून स्पष्ट होते. पाच गोळ्या एकमेकींना चिकटून, पण मध्यापासून चार बोटे डावीकडे लागल्या, तर नेम स्थिर आहे, खरा नाही. अशी चूक दुर्बिणीच्या काही खटक्यांत सुधारते. पाच गोळ्या पाच दिशांना विखुरल्या तर मात्र काय सुधारायचे हेच कळत नाही, मग त्यांतली एखादी योगायोगाने मधोमध का लागलेली असेना. चूक ओळखायची तर ती आधी सुसंगत असावी लागते. अस्थिर माणसाला आपला दोष दिसत नाही, कारण त्याच्या वागण्याला ठरावीक दिशाच नसते. साधनेच्या परंपरांमध्ये आसन, नित्यनेम आणि व्रत यांना पहिले स्थान मिळाले, त्यामागे हेही एक कारण मानता येईल. नेम स्वतः सत्य देत नाही, पण सत्यापासून आपण कुठे आणि किती ढळलो हे त्याच्यामुळे कळू लागते.

पाच कारणे

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. माणूस शरीराने, वाणीने किंवा मनाने जे काही करतो, मग ते न्याय्य असो वा विपरीत, त्याच्या मागे ही पाचही असतात. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असा त्यापुढचा निर्णय आहे.

भाष्यकारांनी या पाचांचा अर्थ देहधारी जीवाला धरून केला. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे इच्छा, द्वेष, सुख, दुःख यांचा आश्रय असलेले शरीर, करणे म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणांचे व्यापार आणि दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता. रामानुजाचार्यांनी दैव म्हणजे अंतर्यामी परमात्मा असा अर्थ घेतला. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातही या पाच कारणांचे सविस्तर विवरण आहे. रायफलीच्या बैठकीला अधिष्ठान म्हणणे हा या अर्थाचा विस्तार आहे, भाष्यकारांचे ते म्हणणे नव्हे. तरीही या विस्ताराने पाचांची रचना उलगडते. नेमबाज हा कर्ता. रायफल, दुर्बीण आणि काडतूस ही करणे. श्वास रोखणे, चाप दाबणे, धक्का झेलणे या चेष्टा. ज्यावर करण टेकते ती बैठक म्हणजे अधिष्ठान. आणि वाऱ्याची झुळूक, दारूच्या कणांतला सूक्ष्म फरक, गोळीच्या धातूतली न दिसणारी पोकळी हे दैव.

या यादीत अधिष्ठान सर्वांत आधी येते. ते स्वतः काही करत नाही. हालचाल त्याच्यात नसते, कौशल्य त्याच्यात नसते, श्रेयाच्या वाटणीत त्याचे नावही निघत नाही. पण ते डळमळीत असेल तर उरलेल्या चारही कारणांचे गुण वाया जातात. उत्तम नेमबाज, उत्तम नळी आणि उत्तम काडतूस असूनही ग्रुप विखुरतो आणि दोष कुठे आहे ते दिसत नाही. मग कर्ता एक तर स्वतःला दोष देतो किंवा नशिबाला. दोन्ही निदाने चुकीची असतात.

स्टोइकांचा धनुर्धर

ग्रीक आणि रोमन स्टोइक विचारवंतांनी हाच प्रश्न दोन कप्प्यांत मांडला. एपिक्टेटसच्या शिकवणीत काही गोष्टी आपल्या स्वाधीन आहेत आणि काही नाहीत, हा पहिला धडा आहे. त्याच्या आधी, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात, टार्ससच्या अँटिपेटरने जीवनाचे साध्य सांगताना मिळवण्यापेक्षा मिळवण्यासाठी शक्य ते सर्व करण्यावर भर दिला. इसवी सनपूर्व ४५ मध्ये लिहिलेल्या ‘दे फिनिबस’मध्ये सिसेरोने स्टोइकांची बाजू मांडताना धनुर्धराचा दाखला घेतला: सरळ नेम धरण्यासाठी शक्य ते सर्व करणे हे त्याचे अंतिम साध्य, लक्ष्याला बाण लागणे ही निवडण्याजोगी गोष्ट, पण तिच्यावर त्याचे श्रेय अवलंबून नाही.

यावर आक्षेप सहज सुचतो. लक्ष्य लागो वा न लागो सारखेच, तर नेम धरायचा तरी कशाला? उत्तर असे की प्रयत्नाला आकार लक्ष्यामुळेच येतो. लक्ष्य नसेल तर कोणता प्रयत्न चांगला आणि कोणता वाईट हे ठरवताच येणार नाही. लक्ष्य प्रयत्नाची दिशा ठरवते, प्रयत्नाची किंमत ठरवत नाही. गीतेतला सात्त्विक कर्ताही असाच आहे. तो सिद्धी आणि असिद्धी यांमध्ये निर्विकार असतो, पण त्याच्याजवळ धैर्य आणि उत्साह असतो. उत्साहाची ही अट महत्त्वाची आहे. फळाविषयी अनासक्त असणे आणि कामाविषयी बेफिकीर असणे यांतला भेद तीच दाखवते. फळावर हक्क नाही म्हणून बैठकीतली फट तशीच सोडणारा माणूस अनासक्त नव्हे, आळशी आहे.

दैवाची सरकती सीमा

स्टोइकांच्या दोन कप्प्यांमध्ये एक अडचण उरते. स्वाधीन काय आणि पराधीन काय, हे कायमचे ठरलेले असल्यासारखे ते वाटते. बैठकीचा इतिहास वेगळेच सांगतो. पावसाळ्यात दस्ता फुगून नेम बदलणे हा लाकडी दस्त्याच्या नेमबाजाला हवामानाचा खेळ वाटे. आर्द्रतेला दाद न देणारी राळ, धातूचे पिलर आणि दस्त्यापासून मोकळी ठेवलेली नळी आल्यावर तेच कारण कारागिराच्या कक्षेत आले. काल जे दैव होते ते आज कर्तव्य झाले.

ही सीमा कशी सरकते याचा एक प्रामाणिक दाखला अमेरिकेतले डॉ. फ्रँकलिन मान यांचा आहे. त्यांनी नेमबाजाचा हात आणि दस्ता ही दोन्ही कारणे प्रयोगातून वगळली. जड नळी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या पन्हळीत, भक्कम पायावर टेकवून ते गोळ्या झाडत. तरीही गोळ्या एकाच छिद्रातून जात नव्हत्या. मग त्यांनी गोळीच्या तोलातले दोष आणि तळाच्या विकृती अशी पुढची कारणे शोधली आणि १९०९ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. एक कारण हाती आले की त्यामागचे दुसरे दिसू लागते. दैवाचा वाटा घटत जातो, पण शून्य होत नाही.

कारण खरोखर हाती आले की नाही, हे ठरवायला न्यायदर्शनाची अन्वय-व्यतिरेकाची कसोटी पुरते: कारण असताना कार्य असते, कारण काढल्यावर कार्य नसते. दस्ता, दुर्बीण आणि काडतूस एकाच दिवशी बदलले आणि ग्रुप आवळला, तर श्रेय कोणाला द्यायचे हे सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा इथला शिस्तीचा नियम आहे. दुसरा नियम संयमाचा आहे. तीन गोळ्यांचा एखादा सुरेख ग्रुप फारसे काही सिद्ध करत नाही. गोळ्यांची संख्या वाढवली की ग्रुपची रुंदी सरासरीने वाढतच जाते आणि रायफलीची खरी क्षमता तेव्हाच कळते. एकेका फळावरून कर्माची पारख करू नये, हा उपदेश वैराग्यातून येतो तसाच मोजमापातूनही येतो. एका गोळीच्या निकालात दैवाचा आवाज मोठा असतो. अनेक गोळ्यांच्या निकालात तो मागे पडतो आणि कर्त्याचा, साधनाचा आणि अधिष्ठानाचा वाटा ऐकू येतो.

बैठकीच्या अधिकाराबाहेरचे

बैठक कितीही निर्दोष असली तरी कशावर नेम धरावा हे ती सांगत नाही. रायफल हे शस्त्र आहे आणि स्थिर बैठक कागदी लक्ष्यापुढे आणि जिवंत प्राण्यापुढे सारख्याच निष्ठेने काम करते. कौशल्याला नैतिक मूल्य आपोआप येत नाही. अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण दिले आहे ते इथे लागू पडते: परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःची कुवत यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तामस. ते अचूक घडले म्हणून सात्त्विक होत नाही. उलट जितके साधन अचूक, तितकी आरंभाआधीच्या विचाराची जबाबदारी मोठी, कारण अचूक साधनाच्या परिणामाचा दोष योगायोगावर ढकलता येत नाही. दैवाचा वाटा घटला की कर्त्याची सबब घटते आणि त्याचे उत्तरदायित्व तेवढ्याच प्रमाणात वाढते.

या सगळ्यातून जुन्या प्रश्नाचे उत्तर असे मिळते. यशापयशातला कर्त्याचा वाटा ही एकदाच ठरलेली राशी नाही. अधिष्ठान, साधन आणि चेष्टा यांचे ज्ञान जिथवर पोचते तिथवर तो वाटा पोचतो आणि ज्ञानाबरोबर पुढे सरकतो. म्हणून अपयशाला दैव म्हणण्याचा अधिकार बाकीची चार कारणे तपासून झाल्यावरच मिळतो आणि ती तपासणी अधिष्ठानापासून सुरू करावी लागते. ती पुरी झाल्यावर जे उरते ते दैवाचे आहे असे मानण्यात पळवाट नाही. तसेच यश आल्यावर त्यात न दिसणाऱ्या बैठकीचा आणि अनुकूल दैवाचा भाग मान्य करण्यात कर्त्याचा कमीपणा नाही. अहंकार आणि दैववाद या दोन्ही चुका एकाच अपुऱ्या तपासणीतून निघतात आणि तपासणी पूर्ण झाली की दोन्ही एकदमच दूर होतात.